मागच्या खोलीतली जर्मनी

मालेगावात लाईट गेली की लोक आधी ग्यानबा अंभोऱ्याच्या दाराशी येतात आणि मग बोर्डाच्या ऑफिसला फोन करतात. लाईनमनच्या नोकरीतून रिटायर होऊन त्याला बरीच वर्षं लोटली, पण हे काही बदललं नाही. ‘आता माहं काय काम त्यात?’ असं म्हणत म्हणतच तो चपला पायात सरकवतो, डीपीपाशी जाऊन उभा राहतो आणि वर चढलेल्या नव्या पोरांना खालून सूचना देत राहतो. पोरं त्या ऐकतातच असं नाही. पण लाईट आली की ग्यानबा सगळ्यांना स्टँडवर नेऊन चहा पाजतो, म्हणून त्याला कुणी हटकत नाही.

माणूस उमदा. बिडी नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या घेण्यात नाही की देण्यात नाही. व्यसन म्हणाल तर एकाच वाक्याचं, पण ते मात्र जबर.

‘एका पगारात घर चालवलं बावा आपण! एका लाईनमनच्या पगारात!’

हे वाक्य त्यानं लग्नांच्या पंगतीत म्हटलं, विहारात वंदना झाल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हटलं, आणि वाशिमच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवलं. दोन पोरींची लग्नं, प्रसेनजितचं नर्सिंगचं शिक्षण, सिमेंटचं घर, मागं टिनाची एक जादा खोली, सगळं एका पगारात. त्याची बायको भागिरथा हे ऐकून नुसती हसायची. हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. ग्यानबानं ते हसणं होकारात जमा करून टाकलं होतं.

आणि मग खुद्द त्याच्या घरातच या वाक्याची परीक्षा घ्यायची वेळ आली.

प्रसेनजित वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात ब्रदर होता. दीड वर्षं मोबाईलवर जर्मन शिकून शिकून त्यानं परीक्षा काढली आणि तिकडच्या एका दवाखान्याचं बोलावणं हातात पडलं. ग्यानबानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले आणि सोबत ते वाक्यही वाटलं. पण पेढे संपायच्या आत घोडं अडलं. प्रसेनजितची बायको स्नेहा कृषी सहायक होती. परीक्षा देऊन, गुणवत्तेनं मिळवलेली पक्की सरकारी नोकरी. तिकडे गेल्यावर निदान दोन वर्षं तिला काम मिळणार नव्हतं. भाषा शिकायची, कागद मान्य करून घ्यायचे, चार वर्षांच्या रूपाला सांभाळायचं. म्हणजे तिघांनी जायचं तर कमाई एकट्या प्रसेनजितची.

त्याच्यासोबत शिकलेला मंगरूळपीरचा अश्वजित वर्षभरापूर्वीच तिकडे गेला होता. बायकोमुलाला मागं ठेवून एकटा गेला होता. तो फोनवर म्हणाला, ‘‘एकट्यानंच ये गड्या. भाडंच अर्धा पगार खाते इथं. वहिनीले अन् पोरीले मंग बोलाव, दोन-तीन वर्षांनं.’’

दोन-तीन वर्षांत रूपा सात वर्षांची झाली असती, आणि बाप म्हणजे मोबाईलवर दिसणारा एक माणूस असं तिला वाटायला लागलं असतं. हे प्रसेनजितला कळत होतं, पण पगाराच्या आकड्यापुढं त्याचं तोंड मिटत होतं. स्नेहा राजीनामा द्यावा की नाही या विचारात भाकरी करपवायला लागली होती. तिची भाकर कधी करपत नसे.

‘‘काहून नाई भागत?’’ ग्यानबा जेवताना कडाडला. ‘‘मी नाई भागवलं? पाच माणसं खाणारी होती घरात. एक पगार! दे राजीनामा बेटा, अन् जा तिघंही. माहं ऐक.’’

स्नेहानं परातीतला हात काढला, पदराला पुसला आणि सासऱ्याकडे सरळ पाहिलं. ‘‘मामाजी, मंग करूनच पाहू ना.’’

‘‘काय करून पाहू?’’

‘‘मागची खोली खालीच हाये. मी महिनाभराची रजा टाकते. तुमच्या पोराच्या एकट्याच्या पगारात आमी तिघं तिथी राहून पाहू. जर्मनीत राह्यल्यासारखं. भागलं त राजीनामा देते. नाई भागलं त हे एकटे जातील.’’

प्रसेनजितला ठसका लागला. भागिरथानं त्याच्या पाठीवर थोपटलं. ग्यानबाला मात्र ही कल्पना इतकी आवडली, की हातातला घास तसाच ठेवून तो खोली बघायला उठला.

दोन दिवसांत त्यानं त्या खोलीची जर्मनी करून टाकली. तुरीच्या काड्या बाहेर काढल्या, भिंतीला चुना मारला, आणि तिकडे वीज फार महाग असते असं अश्वजितनं सांगितल्यावर दुकानातून एक सबमीटर आणून खोलीला स्वतंत्र बसवलाही. घराच्या आतून खोलीत जायचं दार होतं, त्याला त्यानं कडी घातली. आता येणं-जाणं फक्त मागच्या बोळातून. मग ओसरीवर बसून कायदे सांगितले. अर्धा पगार भाड्याचा, तो घरमालकाकडे म्हणजे ग्यानबाकडे जमा. घरच्या म्हशीचं दूध फुकट नाही. वावरातली मेथी-कोथिंबीर फुकट नाही. मोटारसायकल नाही, बसनं जायचं. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, म्हणून रविवारी दुकानात जायचं नाही. आणि सांगितल्याशिवाय कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, कारण तिकडे तशी रीत आहे.

‘‘अन् पोट्टी रडली त?’’ भागिरथानं विचारलं.

‘‘तिची माय पाहील.’’

‘‘अन् तिची माय रडली त?’’

यावर कायदा नव्हता. ग्यानबा म्हणाला, ‘‘तू मधात बोलू नको.’’

पहिला आठवडा गमतीत गेला. सकाळी प्रसेनजित डबा घेऊन पायी स्टँडवर जाई आणि ग्यानबा ओसरीवरून त्याला ‘गुटन मॉर्गन’ म्हणे. हे जर्मन सुप्रभात पोरानंच त्याला शिकवलं होतं. दुपारी-संध्याकाळीही तो तेच म्हणे, कारण दुसरं येत नव्हतं. रूपाला मात्र व्हिसा लागत नव्हता. ती सकाळी जर्मनीत दूध-पोळी खाई, बोळातून पळत येऊन भारतात आजीच्या हातची भाकर-बेसन खाई आणि परत जाताना आजोबाकडून पेरू नेई. हे नियमात बसत नाही, असं ग्यानबा रोज म्हणायचा आणि रोज तिच्यासाठी पेरू निवडून ठेवायचा.

भागिरथाचं वागणं तर उघड उघड तस्करीचं होतं. पातोड्याची भाजी केली की एक वाटी भिंतीवरून पलीकडे जाई. ग्यानबानं एकदा रंगेहाथ पकडलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘पार्सल,’’ भागिरथा म्हणाली. ‘‘विदेशात पार्सल जात नाई का?’’

पण जर्मनी इतकी सोपी नव्हती आणि मालेगाव तर त्याहून नव्हतं. आपल्याकडे एका घरात दोन चुली पेटल्या, की त्याचा अर्थ एकच. शेजारच्या लिलाबाईनं स्नेहाला मागच्या बोळात वेगळा गॅस, वेगळी बादली, वेगळा झाडू घेऊन उभी पाहिली. आतल्या दाराला कडी लागलेली पाहिली. प्रसेनजितला मोटारसायकल सोडून पायी जाताना पाहिलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? म्हाताऱ्यानं लेक-सून वेगळे काढले, गाडीसुद्धा हिसकावून घेतली, ही बातमी संध्याकाळपर्यंत विहारात पोचली.

वंदनेनंतर दोन-चार जाणती माणसं ग्यानबाच्या बाजूला येऊन बसली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘होते भाऊ असं. प्रत्येक घरी होते. पण तुमी मोठे हा, तुमी समजून घ्या.’’

‘‘अहो, भांडण नाई झालं. ते जर्मनीत राहून राह्यले.’’

‘‘कुठी?’’

‘‘मागच्या खोलीत.’’

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं हळूच विचारलं, ‘‘झोप येते ना बराबर?’’

ग्यानबा जितकं समजावून सांगे, तितकी लोकांची खात्री पटत जाई की पोरगं वेगळं निघाल्याचा घाव याच्या डोक्यावर बसलाय. सबमीटरचं सांगितलं तेव्हा तर एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुनेच्या लाईटचंसुद्धा बिल घेतो म्हणे!

महिना सरत आला तोवर लिलाबाईनं मंगरूळपीरला फोन लावला होता. तिथं ग्यानबाची मोठी बहीण मनकर्णाबाई राहायची. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज असा की स्टँडवर उभी राहून बोलली तर कंडक्टरला घंटी मारायची गरज नाही. ती सकाळच्या गाडीनंच आली. हातातली पिशवी ओसरीवर आपटली.

‘‘ग्यानबा! पोराले बाहेर काढलं? एकुलतं एक पोट्टं तुहं! लाज नाई वाटली?’’

ग्यानबाची पाचावर धारण बसली. मोठ्या बहिणीपुढं तो अजूनही लहानच होता. भागिरथानं तिला पाणी दिलं, हसत हसत सगळं सांगितलं. स्नेहाही बोळातून फिरून आली, पाया पडली. मनकर्णाबाईला ते पटायला दोन कप चहा लागले. पटल्यावर ती पोट धरून हसली. हसून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, ‘‘पण हे कोनाच्या डोक्यातून निंगालं?’’

‘‘मीच म्हटलं,’’ ग्यानबा आता सावरला होता. ‘‘एका पगारात भागते म्हणून. मी नाई का भागवलं, बाई? एका लाईनमनच्या…’’

‘‘कवा?’’ मनकर्णाबाईनं विचारलं.

‘‘कवा म्हणजे? जिंदगीभर.’’

‘‘अरे, पहिले कितीक वर्षं तू रोजंदारीवर होता. पैसे तीन-तीन महिने भेटत नोते. तवा काय खाल्लं तुमी? खांबावरचे तार? भागिरथा दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. पोट्टीले झाडाखाली पाळण्यात टाकून जाये. प्रसेनजितच्या कॉलेजच्या वक्ताले म्हैस कोनाची इकली? तुह्या बोर्डाची?’’

‘‘जाऊ द्या वो बाई,’’ भागिरथा म्हणाली.

‘‘कायले जाऊ देऊ? तू जाऊ देत गेली म्हणून हा असा झाला.’’ मनकर्णाबाई उठली. ‘‘चाल भागिरथा. घे तुही पिशवी. आपुनही जर्मनीले जाऊ. पाहू दे याले, एका पगारात कसं घर चालते ते.’’

गंमत म्हणून बोललेलं. पण स्नेहानं तिथल्या तिथं सासूला रीतसर आमंत्रण दिलं, ‘‘आत्याबाई, खरंच या. पाहुणे म्हणून या. पण पाहुण्यांनं काम नाई करायचं. तिकडे तशी रीत हाये.’’ आणि ग्यानबा ‘अवं, अवं’ करत असतानाच भागिरथानं दोन लुगडी, एक शाल आणि पानाची डबी पिशवीत कोंबली आणि चालू लागली. बोळाच्या वळणावर तिनं एकदा वळून पाहिलं. ‘‘म्हैस साडेपाचला पान्हावते,’’ ती म्हणाली.

म्हैस काही पान्हावली नाही. ग्यानबानं तिला गोंजारलं, पेंड घातली, ‘गुटन मॉर्गन’ही म्हणून पाहिलं. तिनं शेपटीचा एक फटका त्याच्या तोंडावर मारला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळानं स्टँडवरचा चहावाला किटली घेऊन आला. ‘‘वैनी कुठी गेल्या?’’

‘‘विदेशात,’’ ग्यानबा म्हणाला. ‘‘तू कायले आला?’’

‘‘दूध न्याले. रोजच तं येतो.’’

रोज येतो! ग्यानबा या वेळी रोज फेरफटका मारायला जात असे. दूध ‘थोडंफार विकतो आपण’ हे त्याला माहीत होतं. पण हा माणूस रोज येतो, पावसात येतो, आणि आपण बैलबाजारात म्हशीचा भाव काढायला गेलो होतो त्या दिवशीही आला होता, हे त्याला माहीत नव्हतं.

चहावाला रिकामी किटली घेऊन जातो न जातो तोच एक बाई आली. तिला गोधडी हवी होती. लेकीच्या बाळंतपणासाठी सांगून ठेवली होती, आणि आणखी दोन हव्या होत्या, तिच्या जावेला. मग एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. तो खाली उतरलाही नाही. ‘‘वैनीले सांगा, सोमवारपासून तूर सोंगायची हाये. बायका जमवून ठेवा म्हणा. त्यायच्याशिवाय जमत नाई.’’ मग नळ आला. नळ कोणत्या दिवशी येतो हेच ग्यानबाला ठाऊक नव्हतं. घरात पाणी असतं एवढंच ठाऊक होतं. पाणी भरेपर्यंत चुलीवरची खिचडी खाली लागली. खरवडून खाल्ली, तर मीठच नव्हतं.

जन्मभर तो दुसऱ्यांच्या घरी वीज कुठून येते ते शोधत हिंडला. स्वतःच्या घरात ती कुठून येते, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आणि तिकडे जर्मनीत मजा चालली होती. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत. मनकर्णाबाई रूपाकडून जर्मन शिकत होती. भागिरथा आयुष्यात पहिल्यांदा भरल्या दिवसा हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला ते जमत नव्हतं. मधेच उठून ती भांड्याला हात लावी आणि स्नेहा हळूच तो बाजूला करी. ‘‘बसा ना आत्याबाई, पाहुण्या हा तुमी.’’ ग्यानबानं कान देऊन ऐकलं. त्याला करमेना. शनिवारी संध्याकाळी त्यानं रूपाच्या हाती निरोप पाठवला, ‘आजोबाले भेटाले यायचं हाये, कवा येऊ?’ रूपा परत आली आणि म्हणाली, ‘‘आजी म्हणते, पाहू.’’

त्याला राग यायला हवा होता. पण ओसरीवर एकटा बसल्यावर त्याच्या मनात दुसरंच भय शिरलं. परवा स्नेहाची रजा संपत होती. खोलीत भागत होतं, हे त्याला दिसत होतं. कारण पोरगी काटकसरीनं करत होती. ती राजीनामा देणार होती. आणि ती तो देणार होती त्याच्या वाक्यावर विसंबून. आता खरं सांगितलं, की एका पगारात आमचं काही भागलं नव्हतं, तुझ्या सासूनं दुसरा पगार न म्हणता आणला होता, तर ही पोरगी कदाचित इथंच राहील. मग प्रसेनजित एकटा जाईल. नात बापाला मोबाईलवर बघेल. आणि नाही सांगितलं, तर तिघं जातील. पण स्नेहाच्या वाट्याला भागिरथाचंच आयुष्य येईल, परक्या मुलखात, आणि तिथं तर विचारपूस करायला लिलाबाईही नसणार. तिघांनी जावं असं त्याला फार वाटत होतं. तिघं सोबत राहावीत यापलीकडे त्याला काही नको होतं. म्हणूनच गप्प बसावंसं वाटत होतं, आणि गप्प बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रसेनजित घरीच होता. ग्यानबानं अंघोळ केली, धुतलेला पांढरा सदरा घातला, पेरूंची पिशवी घेतली आणि बोळातून फिरून जर्मनीच्या दारावर टकटक केली. स्वतःच्याच घराच्या दारावर टकटक करायची त्याची ही पहिलीच वेळ.

‘‘या,’’ मनकर्णाबाई आतून म्हणाली. ‘‘चपला बाहेर काढजो.’’

खोलीत सगळे होते. वरणाचा आणि लसणाच्या ठेच्याचा वास होता. शेवटच्या आठवड्यात वरण-भात आणि ठेच्यावरच भागवलं होतं, हे त्याला नंतर कळलं. तो खाली बसला. घसा खाकरला.

‘‘स्नेहा बेटा, राजीनामा देऊ नको. म्हणजे… दे की नको देऊ, तू पाह्य. पण माह्या म्हणण्यावर देऊ नको.’’ त्यानं भागिरथाकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही. ‘‘माह्या एका पगारात हे घर चाललं नाई. कवाच नाई चाललं. मी खोटं नोतो बोलत. मले खरंच तसं वाटे. पण चहावाला रोज येते. गोधडीवाली आली. तूरवाला आला. ते सारे तुह्या सासूले पुसत आले, मले नाई. अन् मी म्हटलं, हे कोनतं ऑफिस चालू हाये माह्या घरात?’’

प्रसेनजितनं मान खाली घातली. ग्यानबाला वाटलं, झालं, मोडलं आपणच आपल्या हातानं. आता ही पोरगी नाही जात.

आणि स्नेहा हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग मोकळेपणानं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

‘‘मामाजी, मले माहीत होतं.’’

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘आत्याबाईनं,’’ तिनं सासूकडे पाहिलं, ‘‘मले सारं सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. पैसे भागतील की नाई याची भीती मले नोतीच. भागले, पाहा, कसेबसे का होईना, भागले. अन् नसते भागले तरी मी गेली असती, अर्धी भाकर खाल्ली असती. पण इकडे मी दहा गावं फिरते, सोयाबीनवरची अळी ओळखते, लोकं मले म्याडम म्हणतात. तिकडे घरात बसून मी राबीन, अन् हे ड्युटीवरून येऊन म्हणतील, एकट्याच्या पगारात घर चालवून राह्यलो. तुमच्यासारखं. तशा घरात मले जायचं नोतं.’’ ती नवऱ्याकडे वळली. ‘‘आता तुमी सांगा.’’

प्रसेनजित साधा पोरगा होता, बापासारखं वाक्य त्याच्याकडे तयार नव्हतं. महिनाभर रोज ड्युटीवरून येऊन त्यानं पहिला शब्द ‘थकलो’ हाच उच्चारला होता, आणि हे त्याला आत्ता, आईसमोर, आत्यासमोर आठवत होतं. तो म्हणाला, ‘‘तू संध्याकाळी भाषेच्या क्लासले जाजो. रूपाले अन् सैपाकाले मी पाहीन.’’

‘‘भाकर येते का तुले?’’ मनकर्णाबाईनं विचारलं.

‘‘शिकतो.’’

‘‘कवा?’’

‘‘आजपासून शिकतो, आत्या.’’

नवऱ्याचे शब्द भागिरथानं मान न हलवता ऐकले होते. आता तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि ग्यानबाला म्हणाली, ‘‘इतकं बोलले त आता उठा, चाय ठेवा सगळ्यायले. साखर डाव्या हाताच्या डब्यात हाये.’’ ग्यानबा उठला. त्यानं सहा कप चहा केला, पाच कपांचं दूध उतू घालवलं, आणि उरलेल्या काळ्या चहालाही सगळ्यांनी छान म्हटलं. भाड्याचा अर्धा पगार त्यानं त्याच दिवशी सुनेच्या हातात परत दिला. आतल्या दाराची कडी रूपानं काढली.

स्नेहानं सोमवारी ऑफिसात जाऊन राजीनामा दिला. वाईट नाही वाटलं का, असं लिलाबाईनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘वाटलं तं. पण मी दिला, मले कोनी द्याले नाई लावला.’’ उन्हाळ्याच्या तोंडाशी तिघंही गेली. मालेगावच्या स्टँडवर निम्मी गल्ली आली होती, आणि आता खरी जर्मनी कोणती यावर कुणाचा वाद उरला नव्हता.

पहिला महिना अश्वजितच्या ओळखीनं मिळालेल्या एका खोलीत गेला. मग घर शोधायला लागले. एका रविवारी सगळे मोबाईलभोवती बसले होते, मनकर्णाबाईही आली होती, आणि स्नेहा पलीकडून सांगत होती. घराची मालकीण म्हातारी होती, कडक. तिनं कागद पाहिले, पगाराची चिठ्ठी पाहिली आणि मान हलवली. माणसं तीन अन् पगार एक? घरात कमावणारं एकच का?

‘‘मंग?’’ भागिरथा पुढं सरकली.

‘‘मंग हे म्हणाले, नाई. कामाले आमी दोघं हाओत. पगार तेवढा एकाचा येते.’’ स्नेहा हसत होती. ‘‘जर्मन इतकी फाटकी यायची, का ती बाई दोन डाव पुसे, काय म्हणता? यायनं दोन्ही डाव तेच सांगितलं. मंग तिनं माह्याकडे पाह्यलं, अन् चाव्या माह्या हातात देल्या.’’

‘‘काय म्हणाला तो? पुन्हा सांग,’’ भागिरथा म्हणाली. स्नेहानं पुन्हा सांगितलं. मग भागिरथा उठली, पायात चपलाही न घालता लिलाबाईच्या ओट्यावर गेली आणि तिथं उभी राहून तिनं ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

ग्यानबा मोबाईलपाशीच बसून राहिला. त्याला पोराचा हेवा वाटला. इतका आनंद झालेला असतानाही वाटला. जे म्हणायला त्याला म्हातारपण यावं लागलं, ते पोरानं एका परक्या म्हातारीला, फाटक्या भाषेत, बायको शेजारी उभी असताना म्हणून टाकलं होतं.